तळाचं पाणी

१

चोर कोण ते ठरून गेलं होतं. चोरी कशी झाली तेवढं ठरायचं बाकी होतं. असला उलटा कारभार ताळेबाईंना मुळीच खपत नसे. मॅनेजरच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांच्या कपाळावरची आठी काही केल्या उतरेना.

"पोलिसांत द्यायचा अर्ज तयार आहे," मॅनेजरने कागद पुढे सरकवला. वयाने बाईंच्या मुलासारखा, इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक. "तुमची तपासणी होईपर्यंत थांबा असं मालक म्हणाले, म्हणून थांबलो. आज संध्याकाळी पाचला मी हा देणार."

"मग पाचपर्यंत थांबा की," ताळेबाई म्हणाल्या.

त्यांचं खरं नाव कंपनीच्या कुठल्यातरी फायलीत असेल. मालकांचे पाचसहा कारखाने होते, आणि ज्या कारखान्यात आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा ताळा जुळत नसे तिथे मालक बाईंना धाडत. म्हणून ताळेबाई. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त बाई कुरकुरतात, असं त्यांच्यामागे लोक बोलत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

हा कारखाना तसा साधा. बाकीच्या कारखान्यांनी वापरून मळवलेलं ॲसिटोन इथे टँकरने यायचं, निम्मंअधिक पाणी घेऊन. ते एका उंच टॉवरमध्ये सोडायचं आणि तळाला वाफेने तापवायचं. ॲसिटोन पटकन उडतं, म्हणून ते टॉवरच्या माथ्याला जाऊन, गार होऊन टाकीत पडायचं. पाणी तळाशी राहायचं, ते थेट सांडपाण्याच्या खड्ड्यात. टॉवर चांगला चालला की वाईट, हे कळायला तीन ठिकाणी मोजायचं: आत काय गेलं, माथ्याला काय मिळालं, तळाशी काय उरलं. माथ्याचं आणि तळाचं मिळून आतल्याएवढं भरलं पाहिजे. गेले दोन महिने ते भरत नव्हतं. आत गेलेल्या ॲसिटोनपैकी बराचसा वाटा हवेत विरल्यासारखा नाहीसा होत होता.

"टॉवरला नावं ठेवायला जागाच नाही," मॅनेजर म्हणाला. "माथ्याचा माल एकदम शुद्ध. तळाच्या पाण्यात ॲसिटोन जवळजवळ शून्य. म्हणजे टॉवरने आपलं काम चोख केलं. वेगळं झालेलं ॲसिटोन माथ्याच्या टाकीतून कुणीतरी लांबवतंय."

"माल शुद्ध मिळाला म्हणजे सगळा मिळाला असं नव्हे, साहेब. काय मिळालं हा एक प्रश्न, होतं त्यातलं किती मिळालं हा दुसरा."

"तेच तर म्हणतोय मी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टॉवरवर काम करतं. आणि त्याची मेव्हणी लॅबमध्ये बसते. घरचंच खातं आहे."

त्याच्या मागच्या फळीवर एक चकचकीत ढाल होती, खाली 'इंधन बचत' असं कोरलेलं. बाईंची नजर तिथे गेलेली पाहून तो जरा सैल झाला. "मागच्या महिन्यात मालकांनी दिली. दोन महिन्यांपूर्वी टॉवरची वाफ कमी केली मी, बरीच. सगळे घाबरवत होते. तळाचं पाणी बघा म्हटलं, आहे का काही फरक?"

"छान," ताळेबाई म्हणाल्या, आणि उठल्या. दारापर्यंत पोचतात तोच मॅनेजरने शेवटची काडी टाकली.

"आणखी एक. तो टॉवरवाला लॅबला बाटली द्यायला जाताना जिन्यात थांबतो. मागेपुढे बघून, चोरासारखा. वॉचमनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तुम्हीच सांगा, चार पायऱ्या चढायला माणसाला इतका वेळ का लागावा?"

२

ताळेबाईंनी जिना चढायला खरोखरच वेळ घेतला, पण तो गुडघ्यांपायी.

गेले दोन दिवस त्यांनी काय काय नाही केलं. टँकर वजनकाट्यावर उभे करून स्वतः वजनं घेतली. टँकरच्या वरून, मधून, तळातून नमुने काढले. तिन्ही सारखे, कारण ॲसिटोन पाण्यात साखरेसारखं मिसळून जातं. पाइपांचे सांधे हाताने चाचपले. माथ्याच्या टाकीला लाखेचं सील लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सील जागच्या जागी आणि माल तरीही कमी. म्हणजे टाकीतून कुणी काढत नव्हतं. हे मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, टाकीच्या आधीच काढत असतील. आधी कुठे? तर ते तुम्ही शोधा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की. पण घोडं नेमकं कुठे अडलंय ते कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट घेऊन बसणं म्हणजे बाईंना चपलेत खडा घुसल्यासारखं होई.

जिन्याच्या वळणावर एक लहानशी खिडकी होती आणि खिडकीला लागूनच टायपिस्टचं टेबल. जागा नाही म्हणून तिला तिथे बसवलेलं. ताळेबाई दम खायला थांबल्या तशी तिने टाइप करणं थांबवलं.

"बाई, तुम्ही मालकांच्या ऑफिसातून आलात ना? मग माझंही एक काम करा. साहेबांना सांगा, मी नखं रंगवत नाही म्हणून."

"काय?"

"परवा सगळ्यांसमोर बोलले मला. म्हणे, ऑफिस आहे की ब्यूटी पार्लर, जिन्यात नेलपॉलिशचा वास मारतोय. हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले. नखं आखूड, कोरी, एका बोटाला कार्बनची शाई. "दोन महिने हेच ऐकतेय. वास येतो, खोटं नाही. माझंच डोकं दुखतं त्याने. पण माझा काय संबंध?"

"खिडकी उघडी ठेवत जा," ताळेबाई वैतागून म्हणाल्या. इथे दोन माणसं तुरुंगाच्या दारात उभी, आणि हिला नखांची पडलीय.

"उघडीच असते की. तरी येतो."

पाचच्या आत सोडवायचं कोडं, आणि माणसं भेटतायत ती ही अशी. बाई धुसफुसत उरलेल्या पायऱ्या चढल्या. वर लॅबचं दार लोटलेलं होतं, आणि आत कुणीतरी रडत होतं.

३

रडणारी होती धाकटी. टॉवरवाल्या दाजींची ही मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण. ती त्यांना दाजी म्हणायची म्हणून सगळा कारखाना त्यांना दाजी म्हणायला लागला, आणि ते तिला धाकटी म्हणायचे म्हणून तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आई असलेल्या या बाईला वॉचमनसुद्धा धाकट्या मॅडम म्हणायचा.

"घरचा फोन होता," तिने डोळे पुसले. "ताई बोलली माझ्याशी. आठवड्याने बोलली, आणि काय, तर तू माझ्या नवऱ्याला यात ओढलंस. मी? दाजींनी मला इथे चिकटवलं हे खरं. पण आकडे मी खोटे देते असं माझ्या सख्ख्या बहिणीने म्हणावं?"

"देतेस का?"

धाकटीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की दुसरी कुणी असती तर वरमली असती. ताळेबाई वरमल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

"तळाच्या पाण्याची बाटली मी अर्धी करून बाहेरच्या लॅबला पाठवली होती, मालकांच्या सांगण्यावरून. त्यांचा आकडा आणि माझा आकडा एकच आला. यंत्र खोटं बोलत नाही, मी पण नाही."

"म्हणजे बाटलीत जे असतं ते तू बरोबर सांगतेस."

"हो."

"बरं." बाईंनी खोलीभर नजर फिरवली. यंत्र, बेसिन, ओळीने लावलेल्या बाटल्या. दाराजवळच्या खुंटीवर जाड रबरी हातमोज्यांची जोडी टांगलेली, कोपरापर्यंत येणारे, घडीच्या रेषा अजून तशाच. "हे कुणाचे?"

"माझे." धाकटीने नकळत उजवी बाही खाली ओढली. पण मनगटावरचा गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखा डाग बाईंनी आधीच पाहिला होता. "मागच्या वर्षी भाजलं. तळाची बाटली कढत यायची, झाकण गच्च. मी उघडायला गेले आणि सगळं उसळून हातावर आलं. दाजी नुसते थरथरत उभे होते. त्यांनीच आणली होती ना बाटली."

"आणि आता?"

"आता काही त्रास नाही. कोमटच येते बाटली. टॉवर हल्ली जरा थंड चालत असेल." तिने बाही पुन्हा नीट केली. "बाई, दाजींना खरंच पकडतील का हो? त्यांच्याने साधं खोटं बोलवत नाही. बोलले तर लगेच कान लाल होतात."

"बघू त्यांचे कान," ताळेबाई म्हणाल्या.

दाराशी पोचल्यावर त्या पुन्हा वळल्या. काहीतरी टोचलं होतं, पण काय ते हाताला लागेना, आणि त्यामुळे त्या आणखीच चिडल्या. खाली टॉवरपाशी गेल्या तर दाजी जागेवर नव्हते.

४

दाजी टॉवरच्या पलीकडे एका उलट्या बादलीवर बसले होते. पन्नाशीचे, उंच, खांद्यात वाकलेले. बाईंना पाहून उठले.

"बसा. मी पण बसते," असं म्हणून ताळेबाई दुसऱ्या बादलीवर टेकल्या. "तळाचा नमुना कसा काढता ते सांगा. सगळं सांगा."

"व्हॉल्व्ह उघडतो. थोडं पाणी वाहू देतो. बाटली भरतो."

"मग?"

"मग झाकण लावतो. जागच्या जागी. नियमच आहे तसा." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'नमुना घेताच झाकण घट्ट लावावे.' "आणि वर नेऊन देतो."

"वाटेत कुठे थांबता?"

"नाही."

दाजींचे कान लाल झाले. ताळेबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. त्यांना भयंकर राग आला. चांगला माणूस खोटं बोलायला लागला की तपास करणाऱ्याचे नाकी नऊ येतात. चोर खोटं बोलतो ते कशासाठी हे तरी माहीत असतं.

"दाजी, पाच वाजता तुमच्या नावाने अर्ज जाणार आहे. धाकटीच्याही नावाने. घरी बायको, मेव्हणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि तुम्ही तोंडात मूग गिळून बसलाय."

"मी चोरी केलेली नाही, बाई."

"ते नाही विचारलं मी."

दगडावर डोकं आपटून झालं तेव्हा बाई उठल्या आणि टॉवरभोवती एक चक्कर मारली. तळाशी एक गोल तबकडीचा थर्मामीटर खुपसलेला होता, त्याला तांबडी फीत बांधून चिठ्ठी अडकवलेली: बिघडलेला, वाचू नये. काटा पंच्याऐंशीच्या आसपास उभा होता.

"हा कधी बिघडला?"

"झाले की दोनएक महिने," दाजी म्हणाले. या प्रश्नाला त्यांचे कान शांत होते. "आधी काटा शंभरावर असायचा, पाणी उकळतं तिथे. मग उतरायला लागला. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, लॅबचा आकडा शून्य आहे, म्हणजे तळाशी नुसतं पाणी आहे, आणि नुसतं पाणी पंच्याऐंशीला कसं उकळेल? थर्मामीटर वेडा झालाय. चिठ्ठी लावून टाका."

ताळेबाई काट्याकडे बघत राहिल्या. लॅबचा आकडा खरा. यंत्र खरं. दुसऱ्या लॅबनेही तेच सांगितलं. आणि या सगळ्यांच्या विरुद्ध हा एक काटा, एकटा, तांबडी फीत बांधलेला.

"दाजी," त्या म्हणाल्या, "हा थर्मामीटर काढता येतो का?"

५

जिन्याच्या वळणावर टायपिस्टची चहाची किटली होती. ताळेबाईंनी तिच्यात नुसतं पाणी उकळायला ठेवलं आणि मॅनेजरला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा अर्ज त्याच्या हातातच होता.

"मॅडम, चहाची ही वेळ आहे का?"

"पाणी उकळतंय ना? बघा नीट."

"उकळतंय."

"आता हा तुमचा वेडा थर्मामीटर. तुम्हीच धरा, नाहीतर म्हणाल बाईंनी हातचलाखी केली."

मॅनेजरने नाक मुरडून थर्मामीटरची दांडी किटलीत बुडवली. काटा चढायला लागला. नव्वद ओलांडली, पंच्याण्णव ओलांडली, आणि शंभरावर येऊन गुपचूप उभा राहिला. तो तिथून ढळला नाही. टायपिस्ट खुर्चीवरून उठून बघायला आली.

"शहाणा आहे," ताळेबाई म्हणाल्या. "मग टॉवरच्या तळाशी पंच्याऐंशी दाखवत होता ते खरं. आणि नुसतं पाणी पंच्याऐंशीला उकळत नाही, हे तुम्हीच म्हणालात. पाण्यात पटकन उडणारं काहीतरी असेल तरच ते लवकर उकळतं."

"म्हणजे तळाच्या पाण्यात ॲसिटोन आहे असं म्हणायचंय? पण लॅब तर..."

"लॅब बाटलीतलं मोजते. टॉवरातलं नाही."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ताळेबाईंना त्या चेहऱ्याचा वीट आला. "म्हणजे त्याने बाटली बदलली. म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"कशासाठी बदलेल? वरून चोरणारा माणूस तळाचं पाणी चोख का दाखवेल? तळाशी थोडं ॲसिटोन दिसू दिलं असतं, तर गायब मालाला आयतं कारण मिळालं असतं आणि कुणी त्याच्याकडे बोटही दाखवलं नसतं. चोर स्वतःला अडकवायला मेहनत घेत नाही, साहेब."

मॅनेजरने अर्जाची घडी केली. तेवढ्यात बाईंना मघापासून टोचणारं काय होतं ते एकदम हाताला लागलं. कोमट. धाकटी म्हणाली होती, बाटली कोमट येते. टॉवर ते लॅब चालत दोन मिनिटांची वाट. पंच्याऐंशीचं पाणी दोन मिनिटांत कोमट होत नाही. आणि खुंटीवरचे मोजे वर्षभर कोरे. बाटली कुठेतरी बराच वेळ थांबत होती.

त्या खिडकीकडे वळल्या. खिडकीच्या लाकडी कठड्यावर, टायपिस्टच्या खुर्चीच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर, पांढुरके गोल डाग होते. एकावर एक, एकात एक गुंतलेले. गरम बाटलीच्या बुडाचे.

"तुला वास येतो तो दिवसभर?" त्यांनी टायपिस्टला विचारलं. आपण सकाळी हिला उडवून लावलं, हे आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

"नाही हो. दिवसातून दोनतीनदाच. दाजी वर जातात ना, साधारण तेव्हा." तिने वळून कठड्यावरच्या डागांकडे बघितलं.

"नखांचा रंग काढायला बायका काय वापरतात, साहेब?" ताळेबाईंनी विचारलं.

"ॲसिटोन," मॅनेजर पुटपुटला.

६

"दाजींना बोलवा," ताळेबाई म्हणाल्या. "आणि धाकटीला वरच राहू दे, दार लावून."

दाजी आले. कठड्यावरच्या डागांवर बाईंनी बोट ठेवलेलं पाहिलं आणि त्यांचे खांदे आणखी वाकले.

"झाकण उघडं ठेवून बाटली इथे ठेवता. ती निवली की झाकण लावून वर नेता. बरोबर?"

"हो."

"कधीपासून?"

"तिचा हात भाजला तेव्हापासून." दाजी म्हणाले. "माझ्याच हाताने गच्च झाकण लावलं होतं मी. नियम म्हणून. तिचा तो हात बघितल्यावर मला परत गरम बाटली तिच्या हातात द्यायचं धाडसच झालं नाही. नियम मोडतोय हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बघत नाही ना ते बघून ठेवायचो. ही इथे पाठ करून, खाली मान घालून टाइप करत असते, तिला बिचारीला पत्ता नसायचा. पण बाई, बाटली निवू दिली, एवढंच. चोरी कसली?"

"चोरी नाही. पण कढत पाणी उघडं ठेवलं की आधी ॲसिटोन उडून जातं. इथे, या पोरीच्या नाकात. वर लॅबला पोचतं ते नुसतं पाणी. ती नुसतं पाणी मोजते आणि खरं सांगते की नुसतं पाणी आहे."

"पण वर्षभर हे चालू होतं, तर माल दोन महिन्यांपासूनच कसा गायब?" मॅनेजरने शेवटचा टेकू शोधला.

"कारण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तळाशी खरोखरच पाणी होतं. बाटली उघडी ठेवा की झाकून, उडायला काही नव्हतंच. मग वाफ कमी झाली." ताळेबाईंनी त्याच्याकडे सरळ बघितलं. "वाफ कमी झाली की टॉवरला पाण्यातलं सगळं ॲसिटोन वर काढता येत नाही. उरलेलं तळाशी राहतं आणि पाण्याबरोबर खड्ड्यात जातं. थर्मामीटर बोंबलून सांगत होता. तुम्ही त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधलीत."

"लॅबचा आकडा शून्य होता, मॅडम. मी काय करणार?"

"एक किटली पाणी उकळायचं. त्याला पदवी लागत नाही आणि मला बोलवायलाही लागत नाही."

तरीही मॅनेजर म्हणाला की हे सगळे तर्क झाले, पुरावा दाखवा. ताळेबाईंनी हात टेकले. थर्मामीटर जागेवर बसवला आणि सगळ्यांना टॉवरपाशी नेलं. एकाच व्हॉल्व्हमधून दोन बाटल्या भरून घेतल्या. पहिली बर्फाच्या बादलीत उभी करून भरली आणि तिथेच झाकण लावलं. दुसरी भरून जिन्याच्या कठड्यावर उघडी ठेवली, कोमट होईपर्यंत. तोवर सगळे जिन्यात ताटकळले, आणि वास आला तेव्हा टायपिस्टने मॅनेजरकडे असं बघितलं, जणू त्यानेच नखं रंगवली असावीत. मग कोमट बाटलीही बर्फात घातली, म्हणजे हाताला दोन्ही सारख्याच लागाव्यात. मॅनेजरने दोन्हींवर आपल्या हाताने खुणा केल्या, कोणती कोणती ते कुणाला न सांगता वर नेऊन धाकटीपुढे ठेवल्या आणि तिच्या यंत्रापाशी उभा राहिला.

एका बाटलीत पाणी निघालं, ॲसिटोन असून नसल्यासारखं. दुसऱ्या बाटलीचा आकडा आला तेव्हा धाकटीने यंत्र पुन्हा चालवलं, कारण तिचा विश्वास बसेना. आकडा तोच आला. मॅनेजरने कागदावर गुणाकार केला, खोडला, परत केला. रोज खड्ड्यात किती जातंय ते निघालं, आणि ते गायब होणाऱ्या मालाला जवळजवळ तंतोतंत लागू पडलं. ताळा जुळला.

मॅनेजरला सगळ्यात आधी जे सुचलं ते त्याने बोलून दाखवलं. "तरी याने नियम मोडलाच ना? नोटीस तर द्यावीच लागेल."

ताळेबाईंचा संयम तिथे संपला.

"द्या ना. त्याच कागदावर हेही लिहा की नियमात झाकण लावा म्हटलंय, बाटली गार करा म्हटलेलं नाही. आणि ज्याचं पालन केलं म्हणून या पोरीचा हात भाजला, तो नियम वर्षभर तसाच ठेवला. वाफ कुणी कमी केली तेही लिहा. सही करा, मी स्वतः मालकांना नेऊन देते. आणि आधी तो अर्ज फाडा. माझ्यासमोर."

अर्ज फाटला. मॅनेजर वाफ वाढवायला सांगतो असं पुटपुटत खाली गेला. नोटिशीचं पुन्हा नाव निघालं नाही. माफीचंही निघालं नाही, आणि ते बाईंना जास्त लागलं.

लॅबमध्ये तिघं उरली. दाजी दाराशीच, चप्पल काढू की नको अशा विचारात असल्यासारखे.

"तुझा हात परत भाजू नये म्हणून बाटली जिन्यात उघडी निववत होतो मी. माझ्यामुळे झालं सगळं," ते म्हणाले. "तुझ्या ताईला मी सांगतो घरी जाऊन."

धाकटी रडेल असं ताळेबाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. ती उठली, खुंटीवरचे मोजे काढले आणि दाजींच्या पुढ्यात टेबलावर आपटले.

"हे बघा. भाजलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आणले मी. कोपरापर्यंत येतात. उकळतं पाणी ओतलं तरी काही होत नाही. रोज मोजे हाताशी घेऊन बसायची सुरुवातीला, आणि रोज बाटली कोमट. मला वाटलं टॉवरच थंड चालतोय. माझ्या हातासाठी तुम्ही आपल्या दोघांना आत पाठवायला निघाला होतात, दाजी. एकदा विचारायचं तरी, की तुला गरम बाटली चालेल का?"

"तू तरी कुठे सांगितलंस, मोजे आणलेत म्हणून?" दाजी हळूच म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ताळेबाईंना दोघांचाही सारखाच वैताग आला. एक पूर्ण वर्ष, एका जिन्याच्या अंतरावर, एकमेकांची काळजी करत आणि एक शब्द न बोलता. यंत्राला कळणार नाही असं हेच एक होतं, आणि त्यापायी बाईंचे तीन दिवस गेले. त्यांनी पर्स उचलली. शेवटची बस गेली असणार होती.

पुढच्या नमुन्याची वेळ झाली तशी दाजी बर्फाची बादली घेऊन खाली उतरले. या वेळी जिन्यात कुठे थांबले नाहीत. वर येताना त्यांची पावलं सरळ, एका दमात ऐकू आली. दाराशी येऊन त्यांनी बाटली पुढे केली, झाकण गच्च, बाहेरून दव सुटलेलं.

बाटली बर्फासारखी गार होती. तरी धाकटीने आधी मोजे चढवले, कोपरापर्यंत नीट ओढून घेतले, आणि मगच दाजींच्या हातातून ती घेतली. दाजी बघत उभे राहिले.